चौसष्ट घरांची बेरीज

संख्या अशी: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वीस अंकी. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि असे दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जा. सगळे दाणे मिळून एवढे होतात. शाळेत गणित शिकवत होतो तेव्हा सुट्टीतल्या छंदवर्गाला मी ही एकच संख्या घेऊन जात असे. मुले दरवर्षी बदलत, संख्या तीच. निवृत्त झालो तरी तिने पिच्छा सोडलेला नाही. तिच्या संगतीत जे हाती लागले ते इथे क्रमांक घालून लिहितो आहे. क्रमांक केवळ सोयीचे. काही मुद्द्यांना पानभर लागेल, काहींना चार ओळी पुष्कळ झाल्या.

१. गोष्ट लवकर उरकावी.

राजा, बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणारा शहाणा माणूस आणि त्याचे साधेसे वाटणारे मागणे ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या चरित्रकाराने ती लिहून ठेवली आहे. त्याच्याही आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल् बिरुनीने पटाची बेरीज शेवटच्या अंकापर्यंत बिनचूक दिली होती.

मुलांना दाण्यांचे वजन हवे असते. शेतीखात्यात बियाण्याचा दर्जा बघताना ‘हजार दाण्यांचे वजन’ काढतात. गव्हाचे ते साधारण ४० ग्रॅम भरते. त्या हिशेबाने पटावरचा गहू सुमारे ७३,८०० कोटी टन होतो. सगळ्या जगात वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो. म्हणजे आजच्या दराने जगाची नऊशेहून जास्त वर्षांची सुगी. वर्गात ‘बाप रे’ होते आणि पाच मिनिटांत विरते. माझे मत स्पष्ट आहे: मोठेपणा हा या संख्येचा सर्वांत नीरस गुण. आणखी मोठी संख्या हवी असेल तर शेवटी एक शून्य लावा, झाले. बघायचे ते तिच्या आत.

२. बेरीज करत बसू नये, एक घर पुढे जावे.

१ आणि २ मिळून ३. त्यात ४ मिळवले की ७. ८ मिळवले की १५. कुठेही थांबा, आतापर्यंतची बेरीज पुढच्या घरापेक्षा बरोबर एकाने कमी असते. कारण दाखवायला पाटीसुद्धा लागत नाही. पटाबाहेरचा एक जादा दाणा पहिल्या घरात टाका. तिथे दोन झाले, म्हणजे दुसऱ्या घराइतके. ते दुसऱ्यात ओता, चार झाले. ते तिसऱ्यात ओता, आठ झाले. असे शेवटपर्यंत ओतत गेलात की हाती येते ते नसलेल्या पासष्टाव्या घराचे धान्य, २ चा ६४ वा घात. जादा टाकलेला दाणा परत घ्या. त्रेसष्ट बेरजा वाचल्या.

अर्ध्या पटावर, म्हणजे बत्तीस घरांत, मिळून ४,२९,४९,६७,२९५ दाणे होतात. वजन पावणेदोनशे टनांच्या आतबाहेर, बाजार समितीच्या आवारात सहज मावेल इतके. राजा बुडतो तो उरलेल्या अर्ध्यात. अर्ध्या पटाची ही संख्या लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

३. दुप्पट करण्यापेक्षा वर्ग करावा.

२ चा ६४ वा घात काढायला त्रेसष्ट वेळा दुप्पट करावी लागते असे मुले धरून चालतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) याची जी रीत आहे ती मला आजही देखणी वाटते. गच्छ, म्हणजे पदांची संख्या, विषम असेल तर एक वजा करून बाजूला ‘गुण’ लिहायचे. सम असेल तर निम्मे करून ‘वर्ग’ लिहायचे. शून्य येईपर्यंत खाली उतरायचे, मग त्याच खुणा वाचत उलटे वर चढायचे. ही कल्पना त्यांच्याही फार आधीची, पिंगलाच्या छंदःशास्त्रातली. कवितेच्या चरणात लघु-गुरूंच्या किती रचना होतात हे मोजताना ती सापडली.

६४ ला ही रीत लावली तर सहा वेळा निम्मे होऊन १ उरतो, त्यातून एक गेला की शून्य. परत चढताना एकदा गुणायचे आणि सहा वेळा वर्ग करायचा: २, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि मग आपली संख्या अधिक एक. शेवटचा वर्ग तेवढा जड. मी वर्गाचे तीन गट करत असे. ४२९४९ आणि ६७२९६ असे संख्येचे दोन तुकडे पाडायचे. पहिला गट पहिल्या तुकड्याचा वर्ग काढी: १८४४६१६६०१. दुसरा गट दुसऱ्याचा: ४५२८७५१६१६. तिसऱ्याकडे दोन्हींच्या गुणाकाराची दुप्पट: ५७८०५९१८०८. पहिल्या उत्तराला दहा शून्ये, तिसऱ्याला पाच शून्ये, दुसरे जसेच्या तसे, आणि बेरीज. आठवीतले अ अधिक ब कंस वर्गाचे सूत्र कशासाठी शिकायचे, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारत नसे.

‘लीलावती’त पटाचे नाही, पण दुप्पट होत जाणाऱ्या दानाचे उदाहरण आहे. दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि महिनाभर रोज दुप्पट करत जातो. तीस दिवसांच्या एकूण कवड्या २,१४,७४,८३,६४६. हाही आकडा जपून ठेवा.

४. शेवटचा अंक पाहिल्याशिवाय उत्तर मान्य करू नये.

ही संख्या साध्या स्प्रेडशीटच्या चौकटीत टाईप केली की पहिले पंधरा अंक टिकतात आणि पुढे शून्ये बसतात: १८४४६७४४०७३७०९५०००००. दिसायला उत्तर भारदस्त, पण ते असूच शकत नाही. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात. ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून घाताच्या शेवटी ६, आणि एक वजा केल्यावर ५. शून्यावर संपणारे उत्तर तिथेच बाद.

पुढची चाचणी बीजांकाची. वीसही अंकांची बेरीज ८७, तिची १५, तिची ६. दुसऱ्या बाजूने, २ च्या सहाव्या घाताला, म्हणजे ६४ ला, ९ ने भागले तर बाकी १ उरते. ६४ मधून साठ घात असे निघून जातात, चार उरतात. १६ ची बाकी ७, उणे एक, ६. जुळले. कोणी दोन अंकांची अदलाबदल केली असेल तर बीजांकाला ते कळत नाही, म्हणून ११ ची चाचणीही करावी. एकाआड एक अंकांच्या बेरजांमधला फरक येतो ३७, त्याला ११ ने भागून बाकी ४. घाताच्या बाजूनेही ४ च येते. एवढे झाल्यावर मी सही करत असे.

५. संख्या मोठ्याने वाचून पाहावी.

‘लीलावती’तली स्थानांची नावे १ वर सतरा शून्यांपाशी, परार्धाला, थांबतात. आपली संख्या त्याच्याही पुढची: एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी, चार शंकू, चार महापद्म, शून्य निखर्व, सात खर्व, तीन अब्ज, सात अर्बुद, शून्य कोटी, नऊ प्रयुत, पाच लक्ष, पाच अयुत, एक सहस्र, सहा शत, एक दश, पाच. हे न अडखळता म्हणणाऱ्याला माझ्याकडून पेन्सिल मिळे. याहून अधिक या मुद्द्यात काही नाही.

६. एक वजा केल्याने संख्या उघडते.

२ च्या ६४ व्या घातात दोनाशिवाय दुसरे काही सापडत नाही. चौसष्ट दोन, बस. त्यातून एक काढा आणि गंमत बघा. कोणत्याही वर्गातून एक वजा केला की त्याचे दोन अवयव पडतात, एक अधिकचा आणि एक उण्याचा. आपली संख्या ४,२९,४९,६७,२९६ चा वर्ग उणे एक. म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ गुणिले ४,२९,४९,६७,२९५. यातला दुसरा अवयव म्हणजे अर्धा पट! तोही वर्ग उणे एकच, ६५,५३६ च्या वर्गातून एक गेलेला. तो फुटतो, त्यातला धाकटा पुन्हा फुटतो, आणि तळाला पोचल्यावर उरते ते असे: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७.

तिसऱ्या मुद्द्यातल्या वर्गांच्या माळेत एकेक मिळवून येणाऱ्या अशा संख्यांना फर्माच्या संख्या म्हणतात. फर्मा हा सतराव्या शतकातला फ्रेंच न्यायाधिकारी, गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. अशा सगळ्या संख्या मूळ असतात असे त्याला वाटे. पहिल्या पाच आहेतच. सहाव्या संख्येला १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ ने भाग घालून दाखवला, भागाकार ६७,००,४१७.

मुले इथे हटकून विचारत, ‘सर, ६४१ च का? किती भागाकार करून बघितले असतील त्यांनी?’ फार थोडे. अशा संख्येचा मूळ अवयव ६४ च्या पटीहून एकाने जास्तच असावा लागतो हे ऑयलरने सिद्ध केले. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, आणि पाचवी ६४१. पाच भागाकार. विचार आधी केला की हात कमी दुखतात, आणि गंमत म्हणजे ऑयलरला लागलेले हत्यार फर्माच्याच एका प्रमेयातले होते.

भागाकार न करताही हे पटवता येते आणि मला ती वाट जास्त आवडते. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा. एक, ५ गुणिले १२८ अधिक १. दोन, ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. ६४१ ने भागून बाकीचाच विचार करायचा ठरवले, तर पहिल्या तऱ्हेवरून ५ गुणिले २ चा सातवा घात म्हणजे उणे १. याचा चौथा घात घ्या: ५ चा चौथा गुणिले २ चा अठ्ठाविसावा म्हणजे १. दुसऱ्या तऱ्हेवरून ५ च्या चौथ्या घाताच्या जागी उणे २ चा चौथा ठेवा. आले की: २ चा बत्तिसावा घात म्हणजे उणे १, त्यात एक मिळवला की शून्य बाकी. दोन-तीनदा लिहून काढल्याशिवाय हे अंगी मुरत नाही. घाई करू नये.

तर आपल्या संख्येचे मूळ अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक एकदाच येतो, म्हणून विभाजक २ चा सातवा घात, १२८. दुपटीने वाढलेल्या संख्येच्या विभाजकांची संख्याही दुपटीचीच निघावी हा निव्वळ योगायोग आहे असे मी सांगतो. मुलांना ते कधी पटत नाही.

७. भूमितीच्या दारावरही ठोठावून बघावे.

१७९६ मध्ये गाउसने, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण व्हायच्या आत, केवळ पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते हे दाखवले. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असायला हवी, अशी आकृती काढता येण्याची अट. अशा मूळ संख्या आजवर पाचच सापडल्या आहेत: ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचांचा गुणाकार किती? ४,२९,४९,६७,२९५, अर्धा पट. पट्टी-कंपासाने तत्त्वतः काढता येणारी ही सर्वांत मोठी ज्ञात विषम-बाजू आकृती.

‘तत्त्वतः’ म्हटले ते मुद्दाम. ६५५३७ बाजूंच्या आकृतीची रीत लिहून काढण्यात हेर्मेस या जर्मन गणितज्ञाने सुमारे दहा वर्षे घालवली. १८९४ मध्ये काम संपले. ते हस्तलिखित ग्यॉटिंगेनला ठेवलेले आहे. मला या गृहस्थांविषयी आदर आहे, आणि त्यांच्या घरच्यांविषयी जरा जास्तच.

८. ‘आपल्याकडे हे पूर्वीपासून होते’ हे ऐकले की तारीख विचारावी.

काशीच्या एका देवळात हिऱ्याच्या तीन सुया आहेत, एकीत सोन्याच्या चौसष्ट चकत्या. पुजारी नियमाने, एका वेळी एक आणि लहानीवर मोठी कधी न ठेवता, त्या हलवतात, आणि सगळ्या दुसऱ्या सुईत गेल्या की जगाचा अंत. ही कथा मला अनेकांनी प्राचीन म्हणून सांगितली आहे. देऊळ नाही आणि कथा प्राचीनही नाही. एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ हे खेळणे बाजारात आणले, आणि काशीची गोष्ट त्याच खेळण्याबरोबर पसरली. खेळण्यावर नाव होते सयामच्या प्राध्यापक एन. क्लाउसचे. ‘लुका’च्या फ्रेंच अक्षरांची फिरवाफिरव केली की ‘क्लाउस’ मिळते.

गणित मात्र खरे आहे. चौसष्ट चकत्यांना कमीत कमी चाली लागतात त्या आपल्या संख्येइतक्याच. सेकंदाला एक चाल धरली तर ५८ हजार कोटी वर्षांहून जास्त; विश्वाचे आजवरचे वय १,३८० कोटी वर्षांच्या घरात. लुकाचे नावही ध्यानात असू द्या.

९. संगणकवाल्या विद्यार्थ्यांचे ऐकावे.

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने रात्री फोन करून सांगितले, ‘सर, तुमची संख्या स्क्रीनवर आलीय, म्हणजे आमचं काहीतरी बिघडलंय.’ कारण समजून घेतले. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे नुसते चौसष्ट एक, शेजारी शेजारी. ६४ बिटांच्या जागेत याहून मोठी पूर्ण संख्या मावत नाही. आणखी एक मिळवला की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखे सगळे शून्यावर येते. एक मिळवल्यावर शून्य होते, म्हणजे यंत्राच्या लेखी ती उणे एकच झाली. कुठे शून्यातून एक वजा झाला आणि संख्या धनच धरायची असे ठरलेले असले की पडद्यावर हे वीस अंक हजर होतात. देवळालीचे द. रा. कापरेकर सगळे एक असलेल्या संख्यांच्या वर्गांत रमले होते. १११ चा वर्ग १२३२१, अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिले होते. द्विमानातले हे चौसष्ट एक त्यांच्यासमोर ठेवायला मला आवडले असते.

आता कवड्या. भास्कराचार्यांचे उत्तर २,१४,७४,८३,६४६. त्यात एक मिळवला तर २,१४,७४,८३,६४७, ही संख्या मूळ आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले. आणि ३२ बिटांत, ऋण-धन चिन्हासह, मावणारी सर्वांत मोठी संख्याही हीच. पुष्कळ जुन्या संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा जागेत मोजतात. त्यांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. जिथे दुरुस्ती झालेली नसेल तिथे पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ सालात जाईल. दानशूराच्या महिन्याला आणि या घड्याळाला एकाच कवडीचे अंतर.

१०. चौकटीची वही जवळ ठेवावी.

पिंगलाच्या सूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने जी टीका लिहिली तिच्यात मेरुप्रस्तार आहे. टोकाला एक, खाली दोन एक, आणि मग प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. चौकटीच्या वहीवर तो काढा, पण संख्या लिहू नका. विषम असेल तर १, सम असेल तर ०. ओळी अशा येतात: १, ११, १०१, ११११, १०००१, ११००११, १०१०१०१, ११११११११. या द्विमान संख्या म्हणून वाचा: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५. फर्माच्या संख्या आणि त्यांचे गुणाकार, ओळीने. पहिल्या बत्तीस ओळी म्हणजे अर्ध्या पटाचे बत्तीस विभाजक, लहानापासून मोठ्यापर्यंत, एकही न गाळता. चौसष्टाव्या ओळीत शून्य औषधालाही नाही, चौसष्ट घरे आणि चौसष्ट एक. ती आपली संख्या. मेरूतली कोणती घरे विषम येणार हे सांगणारे प्रमेय १८७८ मध्ये मांडले ते खेळणेवाल्या लुकानेच.

चौसष्ट ओळींत विभाजक चौसष्टच मिळतात, आणि आहेत १२८. उरलेले कुठे गेले? ६४१ आणि ६७,००,४१७ यांना मेरू वेगळे करत नाही. एकतर दोघे बरोबर येतात किंवा दोघेही येत नाहीत. फर्माला जे दिसले नाही ते मेरूलाही दिसत नाही.

वही मोठी असेल तर एक ओळ आणखी काढा. पासष्टावी ओळ दोन टोकांना एक आणि मध्ये त्रेसष्ट शून्ये अशी येते. ती आपल्या संख्येहून दोनाने मोठी, फर्माच्या माळेतली सातवी संख्या: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिचे अवयव लांद्री या फ्रेंच गृहस्थाने १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, जाहीर केले: २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. गुणाकार हाताने करून बघण्यासारखा आहे; ११ ची चाचणी विसरू नका.